खिडकीतला खजूर

कोकणातले घर बंद करून आई आमच्या पुण्याच्या ब्लॉकमध्ये राहायला आली, तेव्हा तिची तक्रार एकच होती, "खिडकीतून एकही माड दिसत नाही रे!" तिसऱ्या मजल्यावर माड कुठून आणावा? पण माडाच्याच कुळातला खजूर काही वर्षे कुंडीत सुखाने राहतो आणि त्याची बी घरोघरी फुकट मिळते. मी कामाला लागलो.

पहिली फजिती खारकेने केली. डिंकाच्या लाडवांसाठी फोडलेल्या खारकांच्या बिया मी हौसेने पेरल्या. तीन महिने पाणी घातले, कुंडी ढिम्म! मागाहून कळले, की खारीक बहुधा उकळून वाळवतात. उकडलेली बी उगवणार कशी?

मग मऊ खजूर आणला. बिया उगवल्या आणि मीच त्या गवत समजून उपटल्या! वाचकहो, हसू नका. खजुराचे पहिले पान झावळीसारखे नसतेच. ते असते एक सरळ, अरुंद पाते. शिवाय बीतून आधी पांढरा कोंब खाली जातो आणि पाते बीपासून थोडे दूर वर येते.

तिसऱ्या खेपेला शहाणपण आले. तुम्हांला लावायचा असेल, तर बीवरचा गर स्वच्छ धुवा, नाही तर बुरशी धरते. दोन दिवस पाण्यात भिजवा; पाणी रोज बदला. मूळ सरळ खाली जाते, म्हणून कुंडी खोल हवी. माती आणि वाळू मिसळून बी बोटाच्या पेरभर खोल पुरा. माती ओलसर ठेवा, चिखल नको. ऊब मात्र हवीच. थंडीत बी रेंगाळते, उन्हाळ्यात महिना-दोन महिन्यांत पाते दिसते. बी ओढून काढू नका, ती रोपाची शिदोरी आहे. शेंडाही खुडू नका. आंब्याला नवी फांदी फुटते, तसे या रोपाचे नाही. पुढे कुंडी उन्हाच्या खिडकीत ठेवा आणि पानांच्या बुडाशी काटे येतात, तेव्हा मुलांना जपा.

"एवढा धीर कोण धरणार? मला ब्याऐंशी सरली," आई म्हणाली. मी तिला मसादाची गोष्ट सांगितली. इस्रायलमधील या किल्ल्याच्या १९६०च्या दशकातील उत्खननात खजुराच्या बिया सापडल्या. सुमारे २००० वर्षांपूर्वीची त्यांतली एक २००५ साली पेरली आणि ती चक्क उगवली!

आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून कुंडीला पाणी घालण्याचे काम तिने माझ्याकडून काढून घेतले.

यंदा, तिसऱ्या वर्षी, पहिले चिरलेले पान आले. शेजारणीने विचारले, "आजी, याला खजूर कधी लागणार?"

"घरात कसला लागतोय खजूर!" पानावरून हात फिरवीत आई म्हणाली, "पण आता हा आपल्या माडाचा भाऊबंद दिसायला लागला, बघ!"