कर्मचाऱ्यांची प्रशंसा व गौरव

कर्मचाऱ्याने केलेल्या चांगल्या कामाची वरिष्ठांनी, सहकाऱ्यांनी किंवा संस्थेने आवर्जून घेतलेली दखल म्हणजे कर्मचाऱ्याची प्रशंसा होय. तोंडी शाबासकी, प्रशस्तिपत्रक, जाहीर सत्कार आणि पुरस्कार ही तिची नेहमीची रूपे आहेत. वेतन व बोनस ही आर्थिक प्रोत्साहने मानली जातात, तर व्यवस्थापनशास्त्रात प्रशंसेची गणना बिगर-आर्थिक प्रोत्साहनांत होते.

संशोधनाची पार्श्वभूमी

अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर प्रयोग झाले. आरंभी प्रकाशाचा उत्पादनावर होणारा परिणाम तपासण्यात आला. परंतु दोहोंत सरळ संबंध आढळला नाही. एल्टन मेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रयोगांचा अन्वयार्थ लावताना कामगारांकडे दिले जाणारे लक्ष आणि गटातील परस्परसंबंध यांवर भर दिला. या प्रयोगांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. तरीही कामगार केवळ मजुरीसाठी राबत नाही, हा विचार त्यांतून रुजला.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवर आधारित निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या मते कार्यसिद्धी, गौरव, प्रत्यक्ष काम, जबाबदारी आणि बढती यांमुळे समाधान मिळते. वेतन, देखरेख व कामाची परिस्थिती हे घटक सदोष असल्यास असंतोष निर्माण होतो. म्हणून अपुऱ्या वेतनाची उणीव सत्काराने भरून निघत नाही. समाधान देणाऱ्या पाच घटकांपैकी शेवटच्या तिघांचा परिणाम अधिक टिकाऊ असतो, असेही त्यांनी नोंदवले.

एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवण्यासाठी पैसे मिळालेल्यांची कोड्यांतील स्वाभाविक गोडी कमी झाली, तर तोंडी प्रशंसा झालेल्यांची वाढलेली दिसली. मात्र रिचर्ड रायन यांनी १९८२ मध्ये दाखवले, की ‘अपेक्षेप्रमाणेच केलेत’ अशा दडपण आणणाऱ्या शब्दांत केलेली प्रशंसा ही गोडी घटवू शकते.

परिणामकारक प्रशंसेची लक्षणे

प्रशंसा नेमकी असावी. ‘छान काम केले’ या शेऱ्यापेक्षा ‘जुन्या नोंदी पडताळून तुम्ही हिशेबातील चूक वेळेत पकडली’ हे वाक्य अधिक उपयुक्त ठरते, कारण कोणती कृती मोलाची होती, हे त्यातून कळते. काम झाल्यावर लगेच केलेली प्रशंसा त्या कामाशी जोडली जाते. निवडीचे निकष सर्वांना ठाऊक नसतील, तर एकाचा गौरव इतरांना पक्षपात वाटतो. संघाने केलेल्या कामाचे श्रेय एकट्यास दिल्यासही असाच परिणाम होतो.

मर्यादा व गैरवापर

सोव्हिएत संघातील खाणकामगार आलेक्सेई स्ताखानोव यांनी ऑगस्ट १९३५ मध्ये एका पाळीत १०२ टन कोळसा काढल्याचे जाहीर झाले. हे प्रमाण ठरलेल्या उद्दिष्टाच्या सुमारे १४ पट होते. या कामात त्यांना आधाराचे खांब उभारणाऱ्या सहकाऱ्यांची मदत होती. परंतु गौरव मुख्यतः एकट्या स्ताखानोव यांचा झाला. त्यांच्या नावाने देशभर चळवळ उभी राहिली आणि १९३६ मध्ये अनेक उद्योगांतील कामाची उद्दिष्टे वाढवण्यात आली. त्यामुळे अनेक कामगारांत गौरवमूर्तींविषयी रोष उत्पन्न झाला. प्रशंसा हे कामाचा बोजा वाढवण्याचे साधन बनल्यास ती प्रेरणा देण्याऐवजी अविश्वास निर्माण करते, हे यावरून दिसते.

भारतातील पुरस्कार

भारत सरकारतर्फे पंतप्रधान श्रम पुरस्कार व विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात. यांपैकी दुसरा पुरस्कार उत्पादकता, सुरक्षितता किंवा कामाची परिस्थिती सुधारणाऱ्या कामगारांच्या सूचनांसाठी असतो. त्यामुळे येथे गौरवाचा आधार नेमकी कृती हाच राहतो. महाराष्ट्रात महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ गुणवंत कामगार पुरस्कार देते.