नोकरी चाकणला, घर कासारवाडीत?

चाकणच्या कंपनीत नोकरी लागली की माणूस आधी चाकण-मोशीतच खोली शोधतो. एकट्यासाठी ते ठीक. पण घरात दोघे कमावते असतील आणि दुसऱ्याची नोकरी पुण्यात असेल, तर पिंपरी-चिंचवडमधली कासारवाडी बघावी. जुना पुणे-मुंबई रस्ता, लोणावळा लोकलचं स्टेशन आणि नाशिक फाट्यावरून फुटणारा चाकणचा रस्ता, सगळं जवळजवळ. ६ मार्च २०२२ ला पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली. १ ऑगस्ट २०२३ ला ती शिवाजीनगरवरून सिव्हिल कोर्टापर्यंत पोचली, आणि मग खरी कामाला येऊ लागली.

चाकण मात्र इथून वीसेक किलोमीटर, वर भोसरी-मोशीची कोंडी. कंपनीची बस नाशिक फाट्यावर थांबते का, हे डिपॉझिट देण्याआधी विचारा. थांबत नसेल तर मोशीच बरी.

कासारवाडीच्या पलीकडे पवना वाहते. नदीकडच्या इमारतीत घर घेताना पूररेषेचा नकाशा महापालिकेत पाहून घ्यावा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. विकत घेणाऱ्याने तर पाहावाच. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू केलं, तेव्हा सोसायटीची टाकी केवढी आणि टँकरचा खर्च कुणाच्या माथी, हेही विचारा. एजंटला नव्हे, वॉचमनला. आणि रुळालगतचा फ्लॅट रात्री जाऊन बघा. दिवसा रस्त्याच्या गोंगाटात गाडीचा आवाज कळत नाही.