अडुसष्ट मिनिटांचा दिवा

गॅलियम नावाचा एक धातू आहे. दिसायला चांदीसारखा, पण २९.७६ अंश सेल्सिअसला वितळतो. थंड हवेच्या गावात त्याचा खडा टेबलावर ठेवला तर खडाच राहील. लालबागच्या खोलीत एप्रिलच्या दुपारी ठेवला, तर कुणी हातही न लावता त्याचं थारोळं होईल. या धातूचं एक अल्पायुषी भावंड आहे, गॅलियम-६८. ते निम्मं व्हायला साधारण अडुसष्ट मिनिटं लागतात. नावातला अडुसष्ट हा अणूच्या वजनाचा आकडा आणि हा मिनिटांचा. दोन्ही जुळले हा निव्वळ योगायोग. गेल्या काही वर्षांत हे भावंड ज्या कामाला लागलं आहे, ते पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मी हातातलं सगळं बाजूला ठेवलं होतं.

समजा, गिरगावातले एक निवृत्त मास्तर आहेत, वय सत्तर. चार वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, शस्त्रक्रियेत अख्खी ग्रंथी काढून टाकली. तेव्हापासून ठरावीक महिन्यांनी रक्त द्यायचं आणि पीएसएचा आकडा पाहायचा. पीएसए हे जवळजवळ फक्त प्रोस्टेटच्या पेशीच बनवतात असं एक प्रथिन आहे. ग्रंथीच काढली म्हटल्यावर आकडा शून्याला टेकलेला हवा, आणि तो तसा होताही. मग एकदा ०.२ आला. पुढच्या वेळी ०.४. म्हणजे किती? एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचेही पूर्ण अर्धे नाहीत, एवढं प्रथिन एका मिलीलिटर रक्तात. मास्तरांना दुखत नाही, खुपत नाही, सकाळची चौपाटीवरची फेरी चुकत नाही. पण प्रोस्टेट शरीरात नाही आणि पीएसए रक्तात आहे, तर ते बनवतंय कोण?

मास्तरांच्या पत्नी डॉक्टरांना नेमकं विचारतात, "ते सगळं खरं, पण आहे कुठे ते?"

सगळे उपचार या एका प्रश्नावर अडलेले असतात. पेशी ग्रंथीच्या जुन्या जागीच रेंगाळल्या असतील तर तिथे किरणोपचार देऊन आजार मुळापासून काढण्याची आशा असते. ओटीपोटातल्या एखाद्या लसिकाग्रंथीत शिरल्या असतील तर बेत वेगळा, मणक्यात जाऊन बसल्या असतील तर आणखी वेगळा. इतकी वर्षं या प्रश्नाला उत्तर देणारी साधनं तोकडी होती. सीटी स्कॅन गाठ आकारावरून ओळखतो, आठ-दहा मिलिमीटरच्या खालच्या लसिकाग्रंथीला तो सहसा नाव ठेवत नाही. हाडांचा स्कॅन कॅन्सर पाहतच नाही. हाड त्याच्याशी झगडू लागलं की ती झटापट पाहतो, आणि त्याला वेळ लागतो. त्यामुळे ०.४ ला दोन्ही रिपोर्ट बहुधा स्वच्छ येत, आणि आकडा मात्र वाढत राही.

आता पेशींकडून पाहू. १९७७ साली अमेरिकेत बफेलो इथल्या रॉसवेल पार्क संस्थेत एका रुग्णाच्या लसिकाग्रंथीत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी काचपात्रात वाढवल्या गेल्या. दहा वर्षांनी त्याच पेशींवरून एक प्रतिपिंड तयार झालं, आणि त्याने एका रेणूवर बोट ठेवलं. त्याला पुढे पीएसएमए, म्हणजे प्रोस्टेट-स्पेसिफिक मेम्ब्रेन अँटिजेन, हे नाव मिळालं. पीएसए रक्तात वाहत जातं. पीएसएमए पेशीच्या आवरणातच रुतून बसलेलं असतं, दारावरच्या पाटीसारखं. प्रोस्टेट कॅन्सरच्या बहुतेक पेशींवर या पाट्या कितीतरी पटींनी जास्त असतात, आणि पेशी जितकी आडदांड तितक्या बहुधा अधिक. लपलेल्या पेशीने स्वतःचा पत्ता असा बाहेर टांगून ठेवावा, याचं मला अजून नवल वाटतं.

पाटी सापडली, तरी ती वाचायला आणखी पाव शतक गेलं. त्या पहिल्या प्रतिपिंडावर बेतलेलं स्कॅनचं औषध १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण त्याने निराशा केली. ते प्रतिपिंड पाटीच्या आतल्या, पेशीत दडलेल्या टोकाला चिकटत होतं. जिवंत पेशीचं दार बंद असतं. मेलेल्या, फुटलेल्या पेशींतच त्याला आत शिरता येई.

वाट उघडली ती मेंदूच्या अभ्यासातून, जिथे प्रोस्टेटचा विचार कुणाच्या मनातही नव्हता. मेंदूत एक विकर आहे, ते एका रेणूचे तुकडे करून ग्लुटामेट मोकळं करतं. मज्जापेशींना होणारी इजा थांबवता येईल का, म्हणून काही संशोधक या विकराला अडवणारी छोटी संयुगं शोधत होते. १९९६ मध्ये लक्षात आलं की मेंदूतलं हे विकर आणि प्रोस्टेटवरचं पीएसएमए एकच आहेत. शिवाय विकराचा काम करणारा खोबणीसारखा भाग पेशीच्या बाहेरच्या अंगाला असतो, कुणालाही हात लावता येईल असा. २००१ च्या सुमारास अ‍ॅलन कोझिकोव्स्की यांनी मेंदूसाठी घडवलेली युरियावर आधारलेली संयुगं जॉन्स हॉपकिन्सच्या मार्टिन पॉम्पर यांनी कॅन्सर पाहण्यासाठी वापरून बघितली. पुढे जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये या कल्पनेतून पीएसएमए-११ हा रेणू घडला. त्याच्या एका टोकाला खोबणीत अडकणारा आकडा, दुसऱ्या टोकाला एक रासायनिक पिंजरा. पिंजऱ्यात बसवतात गॅलियम-६८ चा एक अणू.

अडुसष्ट मिनिटांत निम्मा होणारा माल दूरच्या कारखान्यातून कसा आणणार? तो जागेवरच निपजावा लागतो. शिशाचं जाड कवच असलेली, पाण्याच्या छोट्या पिंपाएवढी एक पेटी असते. तिच्या आत एका नळीत जर्मेनियम-६८ घट्ट धरून ठेवलेलं असतं. त्याचं अर्धायुष्य २७१ दिवस. ते सावकाश बदलत राहतं आणि त्याचं गॅलियम होतं. वरून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं की जर्मेनियम जागेवर राहतं आणि गॅलियम आम्लाबरोबर खाली उतरतं. चार तासांत पेटी पुन्हा भरत आलेली असते. जगभर अणुवैद्यकातली माणसं अशा पेटीला गाय म्हणतात, आणि गॅलियम काढण्याला दूध काढणं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. १८७१ मध्ये मेंडेलीव्हने मूलद्रव्यांची सुधारित सारणी मांडली तेव्हा काही घरं रिकामी सोडली, आणि तिथे काय सापडेल याचं भाकीत केलं. त्या न जन्मलेल्या मूलद्रव्यांना नावं देताना त्याने संस्कृत संख्या वापरली. अ‍ॅल्युमिनियमच्या खालच्या घराला ‘एका-अ‍ॅल्युमिनियम’, सिलिकॉनच्या खालच्याला ‘एका-सिलिकॉन’. म्हणजे त्याच्यापुढचा एक. पहिला फ्रान्समध्ये १८७५ मध्ये सापडला, त्याचं गॅलियम झालं. दुसरा जर्मनीत १८८६ मध्ये सापडला, त्याचं जर्मेनियम. पेटीतली गाय आणि तिचं दूध, दोघांचंही बारसं आधी आपल्या ‘एक’ने झालं होतं.

गॅलियम-६८ चा अणू बदलताना बहुतेक वेळा एक पॉझिट्रॉन बाहेर टाकतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जुळा, वजन तेच, विद्युतभार उलटा. कार्ल अँडरसनने तो १९३२ मध्ये पकडला. त्याच सुमाराला केंब्रिजमध्ये मुंबईचा एक विशीतला तरुण शिकत होता, होमी जहांगीर भाभा. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन समोरासमोर आले तर कसे विखुरतील, ते एकमेकांत नाहीसे होऊन पुन्हा प्रकटण्याची शक्यता धरली तर गणित कसं बदलतं, याचा त्याने मांडलेला निबंध रॉयल सोसायटीने १९३६ मध्ये छापला. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत त्या घटनेला भाभा विखुरण म्हणतात.

भाभांची आत्या मेहेरबाई, दोराबजी टाटांच्या पत्नी. १९३१ मध्ये त्या रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं, ज्याला महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून येणारी माणसं नुसतं ‘टाटा’ म्हणतात. १९६२ मध्ये रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आलं, आणि त्या विभागाचे प्रमुख होते भाभा. १९६३ मध्ये तिथेच, जेरबाई वाडिया रस्त्यावर, त्यांच्या विभागाचं रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. १९६६ मध्ये भाभा विमान अपघातात गेले. आणि २००२ मध्ये याच केंद्रात भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिला पेट स्कॅनर बसला. पेट या शब्दातला ‘प’ पॉझिट्रॉनचा. ज्या कणाचं गणित भाच्याने केंब्रिजमध्ये केलं, तो कण सत्तर वर्षांच्या आत आत्याच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या दवाखान्याच्या आवारात रुग्णांच्या कामाला लागला. हे कुणी ठरवून घडवलेलं नाही. पण परळ नाक्यावरून जाताना मला ते आठवल्याशिवाय राहत नाही.

शरीरात सुटलेला पॉझिट्रॉन सरासरी तीनेक मिलिमीटर जातो, वाटेत इलेक्ट्रॉन भेटतो, आणि दोघेही नाहीसे होतात. उरतात दोन गॅमा किरण, नेमके एकमेकांच्या उलट दिशेला निघालेले. चाळीच्या चौकात कुठेतरी काही फुटलं आणि समोरासमोरच्या दोन गॅलऱ्यांच्या तावदानांवर एकाच क्षणी खडा आपटला, तर ते त्या दोन तावदानांना जोडणाऱ्या रेषेवर फुटलं हे कळतं. स्कॅनरच्या कड्यातली स्फटिकं हीच तावदानं. काही अब्जांश सेकंदांच्या आत दोन समोरासमोरची लकाकली की संगणक एक रेषा ओढतो. अशा लाखो रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे ठिपका उजळतो. चार-पाच मिलिमीटरची, सीटीने निरोगी म्हणून सोडून दिलेली गाठ अशी दिसू शकते.

चित्र प्रथम पाहणारा दचकतो, कारण अश्रुग्रंथी, लाळग्रंथी, यकृत, मूत्रपिंडं, आतड्याचा सुरुवातीचा भाग, सगळंच उजळलेलं असतं. पीएसएमए तिथेही आहे. नावातलं ‘प्रोस्टेटपुरतं’ हे विशेषण शास्त्रज्ञांनी घाईने दिलं. औषध लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून भरलेलं मूत्राशय शेजारचा छोटा ठिपका झाकून टाकतं. स्कॅनआधी लघवी करून यायला का सांगतात, त्याचं कारण हे. काही मज्जागंड आणि जुने अस्थिभंगही फसवतात. काही थोड्या रुग्णांच्या कॅन्सरवर पाटीच नसते. ठिपका दिसणं वेगळं आणि त्याचा अर्थ लावणं वेगळं, आणि या दुसऱ्या कामाला अजूनही अनुभवी डोळाच लागतो.

मग मास्तरांचं काय? कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांनी आजार उलटलेल्या ६३५ पुरुषांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पीएसए ५ किंवा त्याहून जास्त असलेल्यांत शंभरातल्या ९७ जणांचा ठिकाणा लागला. १ ते २ मध्ये ८४ जणांचा. ०.५ च्या खाली फक्त ३८. म्हणजे मास्तरांच्या आकड्याला स्कॅन कोरा येण्याची शक्यताच अधिक. आणि कोरा स्कॅन म्हणजे आजार नाही असं नव्हे. आकडा वाढेपर्यंत थांबू, मग नीट दिसेल, हा विचार मोहक असला तरी धोक्याचा आहे, कारण जुन्या जागेवरचे किरणोपचार आकडा लहान असतानाच सर्वांत चांगले लागू पडतात. लवकर दिसण्याने माणूस किती जास्त जगतो, याचं माप अजून चाचण्यांत घेतलं जात आहे.

परळने या विद्येत स्वतःची भर घातली आहे. आजार पहिल्यांदाच सापडलेल्या, पण जास्त धोका असलेल्या २२४ पुरुषांवर टाटा रुग्णालयात एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. त्यातल्या सुमारे ८० टक्के जणांचा पीएसएमए स्कॅन आधी झाला होता. फक्त प्रोस्टेटवर किरण दिलेल्यांत पाच वर्षांनी ८१.२ टक्क्यांचा पीएसए उलटला नव्हता, ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींवरही दिलेल्यांत ९५ टक्क्यांचा. आणि ज्यांच्या शरीरभर पाट्या उजळलेल्या दिसतात, त्यांच्यासाठी तशाच पिंजऱ्यात गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ बसवता येतं. ते त्या पेशींना जागेवरच भाजतं. ते ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार करता येतं.

सकाळी दहाला मास्तरांच्या दंडातल्या शिरेत सुई लागते. तासभर बाकावर बसायचं. शेजारी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम असलेला कुणी मराठवाड्याचा शेतकरी फाईल छातीशी धरून बसलेला. मग स्कॅन, मग घरी. तोवर गॅलियम निम्म्याहून खाली आलेलं असतं. ते पुन्हा निम्मं होतं, आणि पुन्हा. रात्री सव्वानऊ-साडेनऊला हजारात एक भाग उरतो. बाकीच्याचं जस्त झालेलं असतं, साधं, स्थिर जस्त. त्या वेळी मास्तर पाटावर बसून मटकीची उसळ खात असतील, आणि त्यांच्या एका घासात त्याच्या कितीतरी पट जस्त असेल.