दोरावर चढवणारी पकड

लोंबत्या दोरावरून वर चढण्याच्या सगळ्या साधनांचे काम एकच असते. अंगाचा भार पडला की दोर घट्ट धरायचा, भार निघाला की वर सरकायचे. अशा दोन पकडी घेऊन आळीपाळीने त्यांच्यावर वजन टाकत गेले की माणूस वर चढतो. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक याने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली गाठ हेच काम करते. मुख्य दोराभोवती बारीक दोरीचे दोन-तीन वेढे दिले की झाले. गाठ स्वस्त आणि हलकी, पण भाराने आवळली जाते आणि दर वेळी बोटांनी सैल करावी लागते. बर्फाळलेल्या दोरावर ती घसरतेही.

यावर खरा तोडगा निघाला तो पक्ष्यांमुळे. स्वित्झर्लंडमध्ये गरुडांचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅडॉल्फ युसी याला कड्यांवरच्या घरट्यांपर्यंत पोचायचे होते. त्याच्यासाठी वॉल्टर मार्टी याने एक यंत्र बनवले. दोघांच्या आडनावांवरून त्याचे नाव पडले ‘जुमार’ आणि १९५८ पासून ते गिर्यारोहकांना मिळू लागले. मुठीच्या वरच्या बाजूला स्प्रिंगवर फिरणारा दातेरी खटका असतो. त्याचे दात खालच्या दिशेने कललेले असल्यामुळे मूठ वर ढकलताना ते दोरावरून सहज सरकतात. खाली ओढ बसली की मात्र खटका फिरून दोराला चौकटीवर दाबून धरतो. सह्याद्रीत सुळक्यावर पहिला आरोहक दोर बांधतो, मागचे ‘जुमारिंग’ करत येतात. साधन कोणत्याही कंपनीचे असो, आपल्याकडे तो जुमारच!

१९६८ च्या सुमारास फ्रान्समध्ये फर्नांड पेत्झल आणि ब्रुनो ड्रेसलर यांनी गुहासंशोधकांसाठी अशी साधने घडवली. एक पकड छातीशी बांधायची, दुसरी हातात धरून तिला पायाचा फास जोडायचा. फासात उभे राहिले की छातीची पकड आपोआप वर सरकते. मग तिच्यावर बसून हातातली वर न्यायची. पायांच्या बळावर चढायचे असल्याने दंड थकत नाहीत.

दातांची पकड हीच या साधनाची ताकद आणि हाच त्याचा दोषही. दोर सैल असताना माणूस पडला, तर झटक्याने दात दोराचे बाह्य आवरण फाडू शकतात. म्हणून जुमारला पडणे रोखण्याचे साधन समजणे चूकच. उंच इमारती, धरणे, पवनचक्क्या किंवा समुद्रातले तेलफलाट यांवर दोराने काम करणारे कामगार त्यामुळे दोन स्वतंत्र दोर वापरतात: एक चढण्या-उतरण्याचा, दुसरा केवळ सुरक्षेचा, त्यावर वेगळी पकड. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्थापन झालेल्या ‘इराटा’ या संघटनेने ही शिस्त रुजवली. युरोपात गिर्यारोहणाच्या पकडींना ‘ईएन ५६७’ आणि औद्योगिक साधनांना ‘ईएन १२८४१’ अशी वेगवेगळी मानके आहेत.

अलीकडे मोटारीवर चालणारी यंत्रेही आली आहेत. माणसाला ती भराभर वर नेतात. पण वजनाने जड असल्यामुळे मुख्यतः लष्कर, बचावपथके आणि औद्योगिक कामे यांतच वापरली जातात.