पुलमन गांवची हकीकत

अमेरिका हा अपार संपत्तीचा देश असल्यामुळें तेथील मजूर पूर्वींपासून सुखीच असला पाहिजे, असा समज आमच्या वर्गांत वरचेवर दिसून येतो. परंतु देशांत संपत्ति पुष्कळ असणें आणि ती मिळविणाराच्या घरीं पोंचणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. हें ध्यानीं यावें म्हणून तेथील एका गांवाची हकीकत आम्ही येथें देत आहों.

शिकागो शहराच्या दक्षिणेस, कॅल्युमेट सरोवरानजीक, जॉर्ज पुलमन या कारखानदारानें १८८० च्या सुमारास एक गांव वसविलें. रात्रीच्या प्रवासांत उतारूंना निजतां यावें असे आगगाडीचे डबे त्याच्या कारखान्यांत तयार होत. कामगारांसाठीं विटांचीं टुमदार घरें, बाग, बाजार, वाचनालय व प्रार्थनामंदिर हीं सर्व तेथें होतीं, आणि दूरदूरचे लोक हें आदर्श गांव पाहावयास येत. मात्र तेथील एकहि घर कामगारास विकत घेतां येत नसे. प्रार्थनामंदिरसुद्धां कंपनीचें; तेंहि भाड्यानें द्यावयाचें! मजुरी देणारा व भाडें घेणारा एकच असल्यावर मनुष्यानें गाऱ्हाणें सांगावें कोणाकडे?

१८९३ सालीं अमेरिकेंत मोठी मंदी आली. कंपनीनें पुष्कळांस काढून टाकिलें व उरलेल्यांची मजुरी सरासरीनें सुमारें एकचतुर्थांश उतरविली. घरभाडें मात्र जसेंच्या तसें राहिलें. कारखाना व घरें हे दोन निराळे धंदे आहेत, असें कंपनीचें म्हणणें होतें. आश्चर्य हें कीं, याच काळांत भागीदारांना शेंकडा ८ प्रमाणें लाभांश नियमितपणें मिळत होता. गांवचे मेथडिस्ट पाळक रेव्हरंड विल्यम कार्वर्डाईन यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, भाडें वजा जातां अवघ्या दोन सेंटांची मजुरी हातीं पडलेला एक मनुष्य तेथें होता.

१८९४ च्या मे महिन्यांत कामगारांचें शिष्टमंडळ मालकांस भेटलें. त्यांतील तिघांना लागलीच कामावरून दूर करण्यांत आलें आणि ११ मे रोजीं संप सुरू झाला. युजीन डेब्स यांच्या नेतृत्वाखालील रेल्वे कामगारसंघानें लवाद सुचविला. पुलमननें तो धुडकावला. तेव्हां २६ जूनपासून, पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्या चालवावयाच्या नाहींत, असा संघानें निश्चय केला. अनेक संस्थानांतून सुमारें अडीच लाख कामगार त्यांत सामील झाले व शिकागोच्या पश्चिमेकडील वाहतूक बव्हंशीं बंद पडली.

येथें मोठ्या कंपन्यांचें सामर्थ्य कसें चालतें तें पाहा. मध्यवर्ती सरकारचे कायदेमंत्री रिचर्ड ओल्नी हे पूर्वीं आगगाडी कंपन्यांचेच वकील होते. टपालास अडथळा होतो या सबबीवर त्यांनीं न्यायालयाचा मनाईहुकूम मिळविला आणि इलिनॉयचे गव्हर्नर आल्टगेल्ड यांचा विरोध असतांहि अध्यक्ष क्लीव्हलंड यांनीं शिकागोंत फौज धाडिली. क्षुब्ध जमावांनीं डबे जाळले, गोळीबार झाले, अनेक माणसें प्राणांस मुकलीं. डेब्स यांस सहा महिन्यांची कैद झाली व संप मोडला. याच धामधुमींत, २८ जून रोजीं, ‘कामगार दिना’च्या सार्वजनिक सुटीचा कायदा मंजूर झाला. मजुराचा गौरव व मजुराचा पराभव हे असे एकाच वेळीं घडले!

सरकारी चौकशी मंडळानें पुढें कंपनीसच दोष दिला. शेजारच्या वस्तीपेक्षां गांवांतील भाडीं शेंकडा २० ते २५ जास्त होतीं, असेंहि त्यास आढळलें. १८९८ सालीं इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानें, कारखान्यास अनावश्यक अशीं घरें कंपनीनें विकून टाकावींत, असा निर्णय दिला.

परंतु कामगारांची चूकहि आम्ही झांकून ठेवणार नाहीं. डेब्स यांनीं विरोध केला असतांहि त्या संघानें कृष्णवर्णीयांना आंत घेतलें नव्हतें. पुलमनच्या डब्यांत बिछाने घालणारे नोकर तर बहुतेक कृष्णवर्णीयच होते. अल्प पगार, महिन्यास सुमारें ४०० तासांची नोकरी आणि उतारूंच्या बक्षिसीवर गुजराण, अशी त्यांची स्थिति होती. १९२५ सालीं ए. फिलिप रँडॉल्फ यांनीं त्यांचा संघ उभारला. १९३५ च्या कायद्यानें अमेरिकन मजुरांस संघटनेचा हक्क दृढ करून दिला. आगगाडीच्या नोकरांस तसेंच संरक्षण १९३४ च्या निराळ्या कायद्यानें मिळालें होतें. बारा वर्षांच्या चिकाटीनंतर, १९३७ सालीं, याच कंपनीनें त्यांच्याशीं करार केला व महिन्याचे तास २४० वर आणले.

आज तें गांव राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जतन केलें आहे. पुलमन स्वतःस कामगारांचा उपकारकर्ता समजत असे, आणि त्यानें बांधिलेलीं घरें खरोखरच चांगलीं होतीं. तथापि उपकार देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. तो मर्जी फिरतांच परत घेतां येतो. न्याय्य मजुरी आणि आपलें गाऱ्हाणें निर्भयपणें सांगण्याची मोकळीक हीं मात्र मनुष्याच्या हक्काचीं आहेत. आमचे विद्यार्थी उद्यां कोणी चाकरी करतील, कोणी चाकर ठेवितील. दोघांनींहि त्या दोन सेंटांची आठवण ठेवावी, इतकीच आमची इच्छा आहे.