घाई कोणाला, घड्याळाला की खेळणाऱ्याला?

आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली, की वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होते. टाळ-मृदंगाची लय चढते तशी धावणाऱ्यांची पावले जलद पडतात. पावले जलद झाली, की मृदंगावरचा हातही जलद होतो. कोण कोणामागे जातो, सांगणे कठीण! व्हिडिओ गेममधील संगीत याच जातीचे आहे. चित्रपटाचे पार्श्वसंगीत आधीच ठरलेले असते. हे संगीत खेळाबरोबर बदलते.

जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. त्यात खर्जातले चार स्वर सारखे वाजत राहतात. शत्रू मारले जातात तसे उरलेले वेगाने सरकतात आणि स्वरही भरभर येऊ लागतात. गंमत म्हणजे शत्रूंचा हा वेग मुळात योजलेला नव्हता. पडद्यावर चित्रे कमी उरली, की ती काढायला यंत्राला वेळ कमी लागे, इतकेच.

'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) या खेळात उरलेल्या वेळेचा आकडा १०० च्या खाली गेला, की कोजी कोंदो यांची धून एकदम जलद होते. घड्याळ मात्र पूर्वीच्याच गतीने चालत असते.

वर्गात हे तपासून पाहता येईल. निम्म्या मुलांनी एखादा खेळ आधी आवाजासह, मग आवाज बंद करून खेळावा. उरलेल्यांनी उलट क्रमाने. नाहीतर सरावाचा परिणाम संगीताच्या नावे जमा व्हायचा. गुणांबरोबर चुकाही मोजाव्यात, आणि आपण किती मिनिटे खेळलो, याचा अंदाज प्रत्येकाने घड्याळ न पाहता लिहावा.