एकाच मातेची रोपे लहानमोठी का होतात?
स्ट्रॉबेरीच्या रोपवाटिकेतील पहिल्या सहा आठवड्यांचे निरीक्षण

महाबळेश्वर व पाचगणी परिसरात स्ट्रॉबेरीची लागवड मुख्यत्वे सप्टेंबर व ऑक्टोबर या महिन्यांत होते. त्यापूर्वीचा पावसाळा हा रोपवाटिकेचा काळ होय. महाबळेश्वर येथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असल्याने तेथे उघड्यावर कोवळी रोपे टिकत नाहीत. म्हणून रोपे तयार करण्याचे काम पुष्कळ ठिकाणी छपराखाली, म्हणजे शेडनेटमध्ये अथवा हरितगृहात केले जाते, किंवा वाईसारख्या कमी पावसाच्या भागात नेले जाते.

या काळात शेतकरी बंधूंकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो. माता एक, माती एक, पाणी एक, वरचे छप्परही एकच. मग एक रोप टपोरे आणि त्याचे भावंड खुरटे, असे का? या प्रश्नाचे उत्तर लागवडीपूर्वीच मिळवणे अगत्याचे आहे. गादीवाफ्यावर लावलेले रोप पुढे एप्रिलपर्यंत ती जागा अडवते. त्याला ठिबकचे पाणी, आच्छादनाचा कागद व खते ही सर्व चांगल्या रोपाइतकीच लागतात. चुकीचे रोप लावले तर हंगाम वाया जातो; उलट, निरोगी रोप केवळ लहान म्हणून फेकून दिले तर त्याची किंमत वाया जाते.

बियांची भावंडे व रनरची भावंडे

भावंडे दोन प्रकारची असतात, हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा. बियांपासून झालेली रोपे माणसाच्या मुलांसारखी असतात. आईबापांचे गुण प्रत्येकात निराळ्या प्रमाणात उतरतात. संकरित ढोबळी मिरचीच्या फळातून बी काढून ते पेरल्यास पुढील पिढीत कोणी उंच, कोणी ठेंगणे, कोणाची फळे जाड, कोणाची पातळ असा पसारा दिसतो. तेथील फरक पुष्कळसा वंशाचा असतो.

स्ट्रॉबेरीचे तसे नाही. मातृरोपापासून जमिनीलगत एक बारीक, लांब खोड धावत जाते. त्यास आपण रनर म्हणतो. त्याच्या एक सोडून एक पेरावर बालरोप तयार होते व ओल मिळताच मुळे धरते. ही बालरोपे मातेचेच तुकडे होत. क्वचित होणारा आकस्मिक बदल सोडल्यास ती वंशाने एकरूप असतात. म्हणून त्यांच्यात दिसणाऱ्या फरकाचे कारण वयात, जागेत, हाताळणीत अथवा रोगकिडीत शोधावे. 'वाण बिघडले' असा निष्कर्ष घाईने काढू नये.

फरक किती, यापेक्षा फरक कोठे

अनुभवी निरीक्षक एकेका रोपाकडे पाहण्याआधी सबंध वाफ्याकडे पाहतो. लहान रोपे कोठे आहेत, यावरून कारणाचा निम्मा उलगडा होतो. त्यासाठी वहीच्या पानावर पिशव्यांच्या रांगांचा साधा नकाशा काढावा आणि लहान रोपांच्या जागी फुली मारावी. फुल्यांची मांडणी बहुधा पुढीलपैकी एका प्रकारची आढळते.

१. फुल्या एका कोपऱ्यात किंवा कडेला गोळा झालेल्या असतील, तर दोष जागेचा समजावा. कडेच्या पिशव्या लवकर वाळतात. ठिबक नळीच्या शेवटच्या टोकास पाणी कमी पोहोचते. छपरातून ठिबकणाऱ्या पाण्याखालील पिशव्या सदा चिंब राहतात व मुळांना हवा मिळत नाही.

२. फुल्या प्रत्येक रनरच्या शेंड्याकडे असतील, तर फरक वयाचा आहे. मातेजवळचे बालरोप थोरले, त्यापुढचे धाकटे. त्यांच्या जन्मात अंतर असते. मुळे नीट धरण्यापूर्वीच रनर कापला गेल्यास धाकट्याचे पोषण तुटते व ते अधिकच मागे राहते.

३. एकाच मातेची सर्व बालरोपे लहान, वेड्यावाकड्या पानांची अथवा पिवळट असतील, तर संशय मातेवर घ्यावा. विषाणू, कोळी व काही बुरशीजन्य रोग मातेकडून रनरद्वारे सर्व लेकरांत जातात. अशी माता तिच्या सर्व रोपांसह काढून टाकावी.

४. फुल्या कोठेही विखुरलेल्या असतील, तर एकेक रोप उचलून पाहावे. गाभा मातीत दडपला गेल्यास कुजतो, फार वर राहिल्यास सुकतो. मुळे दुमडून लावली गेली असल्यास वाढ खुंटते.

निरीक्षणाची पद्धत

एका मातेची वीस रोपे निवडून त्यांना क्रमांक द्यावेत. दर सात दिवसांनी ठरलेल्या वेळी चार गोष्टी लिहाव्यात: पूर्ण उघडलेल्या पानांची संख्या, गाभ्याची जाडी, सर्वांत नव्या पानाच्या देठाची लांबी आणि पानांचा रंग. पट्टी व पेन्सिल एवढ्या साधनांवर हे काम होते.

येथे एक सावधगिरी हवी. उंच रोप म्हणजे जोमदार रोप नव्हे. दाट सावलीत अथवा गर्दीत रोप उजेडासाठी देठ लांबवते. ते डोळ्यांत भरते, पण त्याचा गाभा बारीक राहतो. पुढील फुलकळी गाभ्यातून निघते. म्हणून रोपाची पारख गाभ्यावरून करावी. लागवडीच्या वेळी सुमारे ८ ते १० मिलिमीटर जाडीचा गाभा, तीन-चार निरोगी पाने व पांढरी, भरपूर मुळे असलेले रोप चांगले समजावे.

नोंदींवरून जागेचा संशय आल्यास त्याची परीक्षा करता येते. पाच लहान व पाच मोठ्या रोपांच्या जागांची अदलाबदल करून दोन आठवडे वाट पाहावी. लहान रोपे नव्या जागी जोमाने नवी पाने काढू लागली, तर दोष जागेचा होता हे सिद्ध झाले. मात्र रोगाचा संशय असलेले रोप निरोगी रोपांत कदापि हलवू नये. आधी एखादे खुरटे रोप उपटून त्याचा गाभा उभा चिरावा. आत तांबूस अथवा तपकिरी डाग दिसल्यास तो गाभाकुजीचा इशारा समजून तशी रोपे वाफ्याबाहेर काढून नष्ट करावीत व कृषी अधिकाऱ्यास कळवावे.

लागवडीच्या वेळी

रोपे मोठी, मध्यम व लहान अशी तीन गटांत निवडावीत आणि प्रत्येक गट स्वतंत्र गादीवाफ्यावर लावावा. मिसळून लावल्यास मोठे रोप लहानावर सावली धरते, आणि पाणी व खत यांचे प्रमाण कोणासच नीट बसत नाही. लहान पण निरोगी रोपांची पहिली फुले खुडून टाकावीत, म्हणजे त्यांची शक्ती मुळे व गाभा वाढवण्याकडे वळेल. त्यांना मोठे करण्याच्या घाईने नत्राचा जादा हप्ता देऊ नये; त्याने पाने माजतात व फळ नरम पडते. तसेच फळे घेऊन थकलेल्या जुन्या शेतातील झाडे पुढील वर्षाची माता म्हणून वापरू नयेत. वरवर निरोगी दिसणाऱ्या अशा मातेत हंगामभराचे रोग साठलेले असण्याचा संभव असतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील निदान एका रोपवाटिकेत असा नकाशा व वही ठेववून घ्यावी आणि आठवड्याच्या फेरीत ती स्वतः पाहावी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे या फळाच्या नावास कायद्याचे संरक्षण लाभले. परंतु फळाची प्रत कायद्याने ठरत नाही. ती पावसाळ्यात, छपराखालच्या पिशवीतच ठरू लागते. तेथे मारलेली एक फुली वेळीच वाचली, तर हिवाळ्यातील एक मोकळी जागा वाचते.